हमाम ठेवायचा की काढायचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या खानदानात एकाच आठवड्यात दोन भट्ट्यांचा प्रश्न उभा राहिला. एक नंदुरबारच्या आमच्या जुन्या घरातली. दुसरी अमेरिकेत, जर्सी सिटीला माझ्या चुलतभावाने घेतलेल्या शंभर वर्षं जुन्या घरातली. दोन्हीकडे सल्ला एकच होता: काढून टाका, नवं बसवा.

आमच्या भट्टीला घरात ‘हमाम’ म्हणतात. मराठी घरांतला तांब्याचा बंब वाचकांना ठाऊक असेल, मधोमध निखाऱ्याची नळी आणि खाली राख पडायची जाळी असलेला. आमचा हमाम त्याचाच मोठा भाऊ, पण तो उचलून ठेवता येत नाही. तांब्याचा एक भलामोठा हंडा भिंतीत चुन्याने पक्का बसवलेला आहे. त्याच्या खाली जाळ घालायचं तोंड अंगणाकडे, पाणी सोडायची पितळी तोटी आत न्हाणीत. धूर भिंतीतल्या नळीतून वर जातो. त्यामुळे न्हाणीला लागून असलेल्या खोलीची भिंत हिवाळाभर कोमट असते. दादी इशाच्या नमाजनंतर त्या भिंतीला पाठ टेकून तसबीह फिरवत बसायची. नंदुरबारच्या थंडीची बाहेर फारशी कीर्ती नाही. मे महिन्यातलं ऊनच लोकांना माहीत. पण सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत येतात. तिकडचं वारं तापी ओलांडून शहरात आलं की पहाटेच्या वजूचं पाणी हाताला चावतं.

हंडा गळू लागला तो बुडाकडून. आधी थेंब, मग धार. एका पहाटे धारेने जाळच विझवला. भावाने गिझर आणायचं ठरवलं. भंगारवाला येऊन हंड्यावर बोटाने टकटक करून गेला, तांब्याचा भाव सांगून गेला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे असे पडले, की जणू कुणी घरातलाच माणूस विकायला काढला आहे.

भावाची बायको मात्र स्पष्ट बोलली. ती रोज पहाटे पाचला उठून जाळ घालते. तिच्या आधी अम्मी घालायची, अम्मीच्या आधी दादी. “भाईजान,” ती म्हणाली, “हमाम ठेवायचा तर ठेवा. पण जाळ कोण घालणार, ते आधी ठरवा.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. हमामचा इतिहास मी थोडाफार वाचला होता, पण या प्रश्नाच्या बाजूने कधी वाचला नव्हता.

‘हमाम’ हा शब्द अरबी ‘हम्माम’वरून आला. त्याच्या मुळाशी तापवणं आहे. हमामची रचना अरबांनी शून्यातून काढलेली नाही. रोमन लोकांची स्नानगृहं सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्तमध्ये आधीपासून होती. जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलायची, त्या पोकळीतून भट्टीची गरम हवा फिरवायची, हंड्यातल्या पाण्याची वाफ खोलीत सोडायची, ही रोमन युक्ती. उमय्या खलिफांच्या काळात ती जशीच्या तशी उचलली गेली. जॉर्डनच्या वाळवंटात आठव्या शतकातलं कुसैर अम्रा आजही उभं आहे. तिथे चित्रांनी भरलेला दरबार आहे आणि त्याला लागूनच हमाम. मुसलमानांनी त्यात एक बदल केला. रोमन लोक मोठ्या कुंडात एकत्र डुंबत. इस्लाममध्ये पाकीसाठी वाहतं, अंगावर ओतलेलं पाणी पसंत केलं गेलं. साहजिकच कुंड मागे पडलं आणि तोटी व तांब्या पुढे आले. गुसल आणि वजूमुळे गरम पाणी ही चैन न राहता रोजची गरज झाली.

आता नंदुरबारकडे येतो. १३४२ साली इब्न बतूता मुहम्मद बिन तुघलकाचा वकील म्हणून चीनला जायला दिल्लीहून निघाला. दौलताबाद करून तो खंबायतकडे जाताना नंदुरबारला आला. त्याच्या प्रवासवर्णनात गावाचं नाव ‘नझरबार’ असं काहीसं येतं. गाव लहान, वस्ती मराठ्यांची, कारागीर हुशार, वैद्य आणि ज्योतिषी नामांकित, असं तो सांगतो. लोकांचं जेवण भात, भाजी आणि तिळाचं तेल. आणि मग तो एक गोष्ट नोंदवतो, जी मला सगळ्या वर्णनात सर्वांत मोलाची वाटते. हे लोक जेवणापूर्वी आंघोळ करतात, ती आपल्या जनाबतच्या गुसलसारखी.

हे लिहिणारा माणूस हमामच्या बाबतीत साधा नव्हता. इजिप्तमध्ये मिन्याच्या हमामात लोक लुंगीशिवाय आंघोळ करताना दिसले, तर त्याने थेट तिथल्या हाकिमाकडे तक्रार नेली आणि बंदोबस्त करवून घेतला. बगदादच्या हमामांची त्याने तारीफ केली, कारण तिथे प्रत्येकाला वेगळी खोली, गरम आणि थंड पाण्याचे दोन वेगळे नळ आणि आंघोळीला येणाऱ्या प्रत्येकाला तीन पंचे मिळत. अशा चिकित्सक माणसाला नंदुरबारच्या परक्या धर्माच्या लोकांची आंघोळ आपल्या गुसलच्या तोडीची वाटली. दोन समाजांतल्या साम्याची इतकी जुनी नोंद, तीही आमच्याच गावची, शाळेत आम्हाला कुणी सांगितली नाही.

इब्न बतूताला इथे हमाम दिसल्याचा उल्लेख नाही, आणि नवल नाही. इथे नदी होती, विहीर होती, अंगणात दगड होता. जवळपास दोनशे वर्षांनी बाबर आला, तेव्हाही त्याची तक्रार हीच होती. हिंदुस्तानात चांगले घोडे नाहीत, बर्फ नाही, चांगली खरबुजं नाहीत, आणि हमाम नाहीत. १५२६ च्या पानिपतानंतर आग्र्यात त्याने बाग आखली आणि हमाम बांधायला घेतला. गंमत अशी, की तो थंडीसाठी नव्हता. ऊन, वारा आणि धूळ या तिन्हींपासून सुटका म्हणून त्याला हमाम हवा होता. फरगाण्याच्या बर्फातला माणूस, पण हमामच्या जाड भिंती उन्हाळ्यातही उपयोगी असतात हे त्याला कळलं होतं.

पुढे हमाम मुघल राजवाड्यांचा भागच झाला. आपल्याला जवळचं उदाहरण बुऱ्हाणपूरचं. फारुकी सुलतानांनी खानदेशात दोनशे वर्षं राज्य केलं. त्यांची सुरुवात थाळनेरची आणि नंतरची राजधानी बुऱ्हाणपूर. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ती राजवट संपली. बुऱ्हाणपूरला तापीकाठच्या शाही किल्ल्यात शाहजहानच्या काळाशी जोडला जाणारा हमाम आहे, छतावर रंगीत नक्षी असलेला. याच बुऱ्हाणपुरात १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. आज पर्यटक हमामची नक्षी पाहून मान वर करतात. खाली जाळ कुठून घालत असतील, हे विचारणारा मला तरी भेटला नाही.

सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापाराचा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा होता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकात याच वाटेने गेला. या रस्त्यावरून कापड आणि नीळ जायची, तशी घर बांधायची रीतही येत असणार. शाही हमामची नक्कल कुणा व्यापाऱ्याने केली आणि मग ती आमच्यासारख्या मध्यम घरात उतरली, असं मी मानतो. पुरावा काही नाही, शब्द तेवढा आहे. मोठ्या घुमटाच्या, वाफेच्या, तीन दालनांच्या इमारतीचं नाव आमच्या घरात एका हंड्याला लागलं. मराठीत तर ‘हमामखाना’ पेशव्यांच्या वाड्यापर्यंत पोचला आणि पुढे टाटांच्या साबणाच्या वडीवर छापला गेला. शेजारच्या घरांत याच वस्तूला ‘बंब’ म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप यावरून आल्याचं कोशांत सांगितलं जातं. आगीचा बंब तोच. एका भिंतीच्या अलीकडे अरबी, पलीकडे पोर्तुगीज, आणि दोन्हीकडे मराठी.

इस्तंबूल किंवा दमास्कसमध्ये हमाम ही सबंध मोहल्ल्याची जागा असते. आपल्याकडे ती प्रथा फारशी रुजली नाही. भोपाळचा जुना हमाम हिवाळ्यात अलीकडेपर्यंत चालत आला, तो अपवाद. काश्मीरमध्ये मशिदींत आणि घरांत दगडी फरशीखाली लाकूड जाळणारे हमाम आहेत, कारण तिथे त्याशिवाय जानेवारी निघत नाही. बाकी हिंदुस्तानात हमाम ही घरची खासगी बाब राहिली.

आमचा हमाम मात्र पूर्ण खासगी कधीच नव्हता. गल्लीत कुणाचा इंतकाल झाला की पहिला निरोप आमच्या घरी येतो. मय्यतला गुसल देण्यासाठी कोमट पाणी लागतं, त्यात बोरीची पानं उकळलेली, शेवटच्या पाण्यात कापूर. ही रीत थेट हदीसमधली. रात्री दोन वाजता शोकात बुडालेल्या घरात एवढं पाणी कोण तापवणार? म्हणून आमचा हमाम पेटायचा. अब्बा अंगणात बसून जाळ घालायचे आणि मोहल्ल्यातले लोक बादल्या नेत राहायचे. कुणाशी भांडण असो, बोलचाल बंद असो, हमामला ते माहीत नसायचं. दादाजींच्या वेळी पाणी याच हंड्याचं होतं. दादीच्या वेळी जाळ मी घातला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि मला तो नीट घालता आला नाही. ओल्या पऱ्हाट्या होत्या, नुसता धूर.

समोरच्या गुजराती घरातल्या सुनेचं बाळंतपण झालं, तेव्हा सव्वा महिना कडुनिंबाचा पाला घातलेलं पाणी आमच्याकडून गेलं. दिवाळीच्या पहाटे त्यांच्याकडून उटण्याचा वास यायचा आणि पाणी कमी पडलं की कळशी घेऊन पोरगं दारात.

तेव्हा गिझर बसवून मोकळं व्हायचं म्हटलं तर नेमकं काय जाणार होतं, हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं. पण भावजयीच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे. उलट तिची बाजू इतिहासाने बळकट होते. रोमन भट्ट्यांत गुलाम राबत. कैरोत हमामच्या भट्टीला शहराचा कचरा घालत आणि तिच्या राखेत रात्रभर वाल शिजत ठेवत. ते वाल प्रसिद्ध झाले, भट्टीवाला नाही. बाबराने हमाम बांधल्याचं लिहिलं, लाकडं वाहणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. आमच्या घरात दादीने साठेक वर्षं जाळ घातला असेल. तिच्या खोकल्याला आम्ही ‘थंडीचा खोकला’ म्हणायचो. नंदुरबारला हिवाळा म्हणजे मिरचीचा हंगाम, पथारीवर लाल मिरची वाळत असते, हवेतच ठसका असतो. त्यामुळे धुराचा ठसका कुणाला वेगळा ऐकूच आला नाही.

जळणाचंही तेच. पूर्वी कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या गाडीभर यायच्या, जवळपास फुकट. तापी खोऱ्याची रेल्वे झाल्यावर अर्धवट जळलेला कोळसाही मिळू लागला. आता शेतकरी पऱ्हाटी शेतातच बारीक करून टाकतो आणि वखारीतलं लाकूड विकत घ्यावं लागतं. ते लाकूड कुठल्या डोंगरावरचं, कुठल्या आदिवासी बाईच्या डोक्यावरून खाली उतरलेलं, हे विचारलं तर पाणी गरम होण्याआधी आपलेच कान गरम होतील.

हिशेबाला बसलो. घरात सात माणसं, माणशी पंधरा लिटरची एक बादली, म्हणजे साधारण शंभर लिटर. पाणी तीस अंशांनी तापवायचं तर विजेचे साडेतीन युनिट लागतात. आमच्या हमामची निम्मीअधिक उष्णता धुरात आणि भिंतीत जाते. त्याला तेवढ्याच पाण्यासाठी तीन-साडेतीन किलो सुकं लाकूड हवं. पैशात फार फरक पडत नाही. सौर हीटर सर्वांत स्वस्त पडला असता, पण आमचं छत धाब्याचं. लाकडी तुळयांवर मातीचे थर. दोनशे लिटरची टाकी भरल्यावर अडीचशे किलोच्या घरात जाते. पावसाळ्यात माती भिजून छत आधीच जड झालेलं असतं. दादाजींनी बांधलेल्या तुळयांवर तो प्रयोग करायची कुणाची हिंमत झाली नाही. शिवाय इथलं पाणी जड, नळ्यांत क्षार धरतो.

याच दिवसांत जर्सी सिटीच्या चुलतभावाचे फोन चालू होते. त्याच्या घरात वाफेने खोल्या तापतात. तळघरात बॉयलर, त्यातून निघालेली वाफ नळातून वर जाते, प्रत्येक खोलीतल्या बिडाच्या जाड पट्ट्यांत शिरते, थंड होऊन पाणी बनते आणि त्याच नळातून उतरत परत बॉयलरमध्ये येते. पंप नाही, पंखा नाही. रात्री नळ हातोडा मारल्यासारखे वाजायचे. त्याच्या बायकोला घरात भूत असल्याचा संशय. एक ठेकेदार म्हणाला, हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं आहे, उपटून टाका, गरम हवेची यंत्रणा बसवा.

वाफेचं नाव काढलं की स्फोट आठवतो, आणि ती भीती खोटी नाही. १८६५ मध्ये मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ नावाच्या बोटीचे बॉयलर फुटून हजाराहून जास्त माणसं मेली. दुसऱ्याच वर्षी हार्टफर्ड शहरात बॉयलरची तपासणी करून विमा उतरवणारी कंपनी निघाली. पण घर तापवणारी वाफ अगदी मंद दाबाची असते, आपल्या प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या कितीतरी खाली. आमच्या हमामला तर दाबच नाही, वरचं झाकण नुसतं टेकवलेलं.

भावाला नंतर एक म्हातारा मिस्त्री भेटला. त्याने तळघरात जाऊन नळावर पाणसळ ठेवली. नळाचा उतार एका जागी बिघडला होता. तिथे पाणी साचायचं आणि वेगाने येणारी वाफ त्या पाण्याला ढकलून नेऊन आपटायची. भूत ते एवढंच. मिस्त्री म्हणाला, बॉयलर पंचवीस-तीस वर्षं टिकतो, तो बदला. नळ आणि बिडाच्या पट्ट्या तुमच्या नातवालाही पुरतील. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. त्या पट्ट्या खोलीच्या मानाने अवाढव्य का आहेत? १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या सुमारास कडाक्याच्या थंडीतही खिडक्या उघड्या ठेवा, असा आरोग्यवाल्यांचा आग्रह होता. उघड्या खिडक्यांनिशी घर तापलं पाहिजे, या हिशेबाने त्या काळी अनेक ठिकाणी यंत्रणा बसवल्या गेल्या. ही साथ आपल्याकडेही आली होती. मुंबई इलाख्यात तिने घातलेला कहर सर्वश्रुत आहे. एका साथीची खूण तिकडे भिंतीत बसवलेल्या लोखंडात राहून गेली. इकडे ती फक्त कब्रस्तानांत आणि स्मशानांत.

भावाने बॉयलर बदलला, उतार नीट केला, बाकी सगळं ठेवलं. तो फोनवर हसत म्हणाला, “भाई, आपण दोघं एकाच हंड्याखाली बसलोय.”

मग मी तांबटाला शोधायला निघालो. ज्यांच्या दुकानासमोरून लहानपणी कान झाकून जायचो, तिथे आता स्टीलची भांडी आणि मिक्सर. पण काउंटरमागे बसलेल्या काकांनी अजून हत्यारं ठेवली होती. त्यांनी घरी येऊन हंड्यात बॅटरी मारली, बाहेरून हाताने चाचपलं. म्हणाले, “अंग शाबूत आहे. बूड गेलंय. नवं बूड झाळून देतो. पण त्यासाठी हंडा काढावा लागेल, आणि हंडा काढायचा तर भिंत फोडावी लागेल.”

घरात बैठक झाली. रोजच्या आंघोळीला पंचवीस लिटरचा गिझर बसला, म्हणजे भावजयीची पहाटेची पाळी संपली. तिने त्या दिवशी सातपर्यंत झोपून दाखवलं, मुद्दाम. हंड्याला नवं बूड बसवायचं ठरलं. तो मय्यतला, बाळंतपणाला, लग्नाच्या गर्दीला आणि वीज गेल्यावर पेटेल. आणि जाळ मी घालेन, माझ्यानंतर पुतण्या. हे मी वहीत लिहून दिलं, कारण भावजयीने लिहून मागितलं. पुतण्याला तोंडाशी बसवून सुकी पऱ्हाटी आडवी कशी रचायची, हवा कुठून सोडायची, हे दाखवायचा प्रयत्न केला. त्याने मोबाइलमध्ये व्हिडिओ काढला. धूर अजून जास्तच होतो.

फेब्रुवारीत भिंत फोडली. चुना इतका घट्ट, की छिन्नी बोथट झाली. हंडा अंगणात उलटा ठेवला, काजळी खरवडली, तेव्हा काकांनी मला हाक मारली. बुडाला आधीच तीन ठिगळं होती, एकावर एक, प्रत्येकाची झाळ वेगळ्या हाताची. सर्वांत खालचं कुणाच्या काळचं, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. जाळाच्या तोंडाशी आडवी टाकलेली लोखंडी पट्टीही त्यांनी पुसून पाहिली. “ही रेल्वेची आहे,” ते म्हणाले, “ही तशीच राहू द्या, अशी आता मिळत नाही.”